तुम्ही हसला नव्हतात

बाबा, आज मला एका जागी बसवत नाही, म्हणूनच लिहायला बसलो आहे. अक्षर मनासारखं येत नाही, एक कागद फाडूनही झाला. उद्या होळी, आणि उद्याचं गाऱ्हाणं मी घालणार आहे. आपल्या घरचा मान परत आला, बाबा! नारळ देव्हाऱ्यापाशी ठेवलाय. आत्या मला म्हणते, "गप बस एका जागी, नारळ काय पळून जातोय?" आणि दर थोड्या वेळाने तीच आत जाऊन तो आहे ना ते बघून येते.

सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर आनंदाच्या भरात काहीतरी गळायचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण वाडीत सुपाऱ्या सोलता सोलता तुम्ही माझ्याकडून गाऱ्हाणं पाठ करून घेतलंत. होळी पेटवण्याआधी आपल्या घरच्या माणसाने देवाकडे गावासाठी मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या गावाने "व्हय महाराजा" म्हणायचं. मी घाईत एखादा शब्द गिळला की तुम्ही म्हणायचात, "पुन्यांदा म्हन. देव भैरा न्हाय, पन गाव हाय." तेव्हापासून मला प्रत्येक शब्द तपासायची सवय लागली. ती अजून सुटलेली नाही.

मान गेला त्या शिमग्याला आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुमचे पाय लटपटायला लागले होते, माडावर चढणं बंद झालं होतं. चहाच्या जागी माडी तर मला कळायला लागल्यापासूनच होती. पुढे ती पुरेना, तेव्हा भट्टीची सुरू झाली. पण गाऱ्हाण्याची रीत कडक. आदल्या दिवसापासून थेंब घ्यायचा नाही, आणि नारळ हातात देण्याआधी थोरले मानकरी तोंडाचा वास घेणार. तो दिवस तुम्ही कसा काढलात ते मी पाहिलंय. ओटीवरच्या खांबाला मिठी मारून बसला होतात, अंगाला घाम सुटलेला. मी पेज पुढे केली, तर म्हणालात, "नको रं. देवासमोर हुबा ऱ्हायचाय मला."

आणि तुम्ही उभे राहता. होळीभोवती अख्खं गाव जमलेलं. मानकरी तुमच्या तोंडाशी नाक नेतात, मान डोलावतात, नारळ देतात. तुमचं पहिलं वाक्य येतं. जीभ जराशी जड, पण शब्द सगळे जागच्या जागी. "व्हय महाराजा!" दुसरं वाक्य, तिसरं. मग ते वाक्य येतं: या सालात जी माणसं आम्हांला सोडून गेली, त्यांना तुझ्या पायाशी जागा दे. आणि तुम्ही हसता. आधी फिसकन, मग खदाखदा. चार जण सवयीने "व्हय महाराजा" म्हणून जातात, बाकीचे माना वळवून तुमच्याकडे बघतात. तुम्ही तळहाताने स्वतःचं तोंड दाबून धरता, तरी हसू बोटांच्या फटींतून बाहेर येतं, आणि वर तुमचे डोळे घाबरलेले आहेत. मागून कोणीतरी ओरडलं, "बायको जाऊन वरीस न्हाय झाला, आन ह्यो खिदळतोय!" मानकऱ्यांनी नारळ काढून घेतला. म्हणाले, "प्यालेला असतास तर माफ केला असता. तू शुद्धीत ऱ्हाऊन देवाला हसलास."

त्यानंतर भगताचा अंगारा झाला, उतारा झाला. घरात कोंबडी पायरीवरून घसरली तरी तुम्हाला हुंदके यायचे. ते ओसरले की मला जवळ बोलवून म्हणायचात, "मी न्हाय हसलो रं. त्वांड हसला." त्याचा अर्थ मला तुम्ही गेलात तेव्हाही कळला नव्हता.

तो या माघात कळला, मुंबईत. मी आता एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाटल्या धुतो आणि त्यांच्यावर औषधांची नावं लिहून चिकटवतो. एक गिरणीकामगार आला, बायकोच्या खांद्यावर हात टाकून. डॉक्टरांनी विचारलं, मुलंबाळं किती? तो म्हणाला, थोरला मागच्या पावसात गेला. आणि हसायला लागला. बायकोने पदराने तोंड झाकलं. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "सायेब, मी न्हाय हसलो."

बाबा, माझ्या हातातली बाटली फुटली. डॉक्टर रागावले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. हसण्यारडण्याला मेंदूचा लगाम असतो. वर्षानुवर्षं अतोनात दारू पिऊन काहींच्या मेंदूला इजा होते, लगाम सुटतो. मग आत दुःख असलं तरी बाहेर हसू फुटतं, आणि क्षुल्लक गोष्टीला रडू कोसळतं. मी विचारलं, "आणि त्या दिवशी एक थेंबही घेतला नसेल तर?" ते म्हणाले, "तरीही. इजा एका दिवसात भरून येत नाही." मग तुमचं सगळं ऐकून तेच विचारू लागले: पाय लटपटायचे? हो. जीभ जड व्हायची? हो. पाणी पिताना ठसका लागायचा? हो, हो! माझा आवाज एवढा चढला की बाहेरचे रोगी आत डोकावले.

शिमग्याची रजा घेऊन आगबोटीने दिघीला उतरलो, तो घरी न जाता थेट देवळात गेलो. होळीच्या तयारीला गावकीची बैठक बसलेलीच होती. सगळं सांगितलं. एक जण हसून म्हणाला, "म्हंजी दारूनंच ना? मंग आमी काय येगळा बोलत हुतो?" मी थोरल्या मानकऱ्यांकडे वळलो. आता फार थकलेत ते. म्हटलं, "दारूनेच. पण त्या दिवशी तोंडाचा वास तुम्हीच घेतला होतात ना? बाबांनी रीत मोडली होती का?" त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "वास नव्हता. म्हनून तर मला जास्ती राग आला रं पोरा. रीत पाळली त्यानं, आन शुद्धीत हुता म्हनूनच आमी त्याला गुन्हेगार ठरवला." मग उठले, गाभाऱ्यातून नारळ आणला, माझ्या हातात ठेवला. "उद्याच्याला तूच घाल. पन वास मी घेनार हां!" सगळी गावकी हसली. मीही हसलो.

संध्याकाळी वाडीत जाऊन गाऱ्हाणं म्हणून पाहिलं. माणसं गेल्याच्या त्या वाक्याशी आलो आणि मला हसू फुटलं. मी तर माडीला कधी ओठ लावलेला नाही, तरी वाटलं, माझाही लगाम सुटला की काय? हसू थांबवून पाहिलं. थांबलं. पुन्हा हसून पुन्हा थांबवलं, तरी खात्री पटेना. मला नुसता आनंद झाला होता, बाबा, पण तो तपासून घेतल्याशिवाय मला राहवलं नाही.