मुराळ्याचा स्पोर्ट मोड

२९ मार्च, रविवार
गाडी आली. इलेक्ट्रिक, परफॉर्मन्सवाली. पुष्पाने कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग विचारलं, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या माणसाला जळगावात एवढं पळायचं कुठे असतं? कारण सांगितलं : रूपाअक्का.
गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुराळी म्हणून अक्काला सासरहून माहेरी आणायला धुळ्याला गेलो, तो दुपार टळल्यावर पोहोचलो. अक्का सकाळपासून नवी साडी नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसलेली. मी गेलो तेव्हा जुन्या साडीत भांडी घासत होती. आली नाही. आबा गेल्यानंतरची त्यांच्या नावाची पहिली घागर आईने लेकीशिवाय भरली. मला मात्र आईने नेहमीसारखं वाढलं. तेच वाईट.
यंदा फोनवर अक्का एवढंच म्हणाली, "वेळवर उना तरच येसू." म्हणजे, वेळेवर आलास तरच येईन. रागावली की ती अहिराणीत येते. मुराळ्याशिवाय माहेरी यायचं नाही, हा तिचा हट्ट आहेच.
पुष्पा म्हणाली, मग लवकर निघा. लवकर निघणं हा डिझेलच्या काळातला उपाय झाला.

१ एप्रिल, बुधवार
मॅन्युअल वाचलं. तीन मोड. इको : पाय दाबला तरी गाडी विचार करून निघते. नॉर्मल : सांगितलं तेवढं करते. स्पोर्ट : सांगायच्या आत निघालेली असते. मोटर तीच, बॅटरी तीच. फक्त पायाचा अर्थ बदलतो. शिवाय लाँचची सोय. डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर पूर्ण, मग ब्रेक सोडून द्यायचा.
आईला सांगितलं, गाडीला तीन मोड आहेत. म्हणाली, "गाडीले मोड उनात? मटकी शे का ती?"
समजावलं नाही. तिचं वय झालं.

४ एप्रिल, शनिवार
बायपासवर चाचणी. मोबाईलवर वेळ लावायला पुष्पा. शून्यावरून शंभरला इकोत नऊ सेकंद, स्पोर्टमध्ये चार. पुष्पाचा चष्मा अंबाड्यात सापडला. तो तिने पुसून लावला. नंतर म्हणाली, माझं पोट पाळधीलाच राहिलंय, मागे जाऊन घेऊन या.
महत्त्वाचं काय, तर एकदा निघालं की पाच सेकंद वाचतात.

७ एप्रिल, मंगळवार
शोध लागला. अंघोळ करताना.
धुळ्यापर्यंत एकदाच निघालो तर पाचच सेकंद वाचणार. पण वाटेत चाळीस वेळा थांबून चाळीस वेळा निघालो तर? जितका जास्त थांबेन, तितका जास्त वेळ वाचेल. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण लोक थांबायलाच घाबरतात.
पुष्पाला सांगितलं. तव्यावरची पोळी जळाली तरी ती माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

११ एप्रिल, शनिवार
ब्रेकिंगचीही सेटिंग असते. सर्वांत कडक ठेवली. आता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप थांबते आणि बसलेल्यांच्या माना पुढे जातात. आई आणि पुष्पाला बाजारात नेलं. जाताना माझा सिद्धांत पुन्हा मांडला. दोघींनी रस्ताभर माना डोलावल्या. घरात एवढं एकमत पूर्वी कधी नव्हतं.
परत येताना मात्र दोघी रिक्षाने आल्या. गाडी हलकी राहिली तर पिकअप चांगला मिळतो, हे त्यांनाही कळू लागलंय.

१५ एप्रिल, बुधवार
निर्धार : शनिवारी पहाटे सहाला निघायचं.
रात्री पुन्हा विचार. एवढा वेळ वाचणार असेल तर सहाला निघून काय करणार? धुळ्यात दारं तरी उघडली असतील का? आठ.

१७ एप्रिल, शुक्रवार
नऊ. नाश्ता करून.
अभिमनदाजींचा फोन. किती वाजता येणार? म्हटलं, बारा म्हणजे बारा. मागून अक्काचा आवाज आला, "दुपारचे का रात्रीचे, ते विचारी ल्या!"
दाजी हसले. मी हसलो नाही.

१८ एप्रिल, शनिवार. सकाळ
साडेनऊला निघालो. आईने दाजींकडे द्यायला सांजोऱ्यांचा डबा आणि दोन खरबुजं दिली. म्हणाली, रूपाला घेऊनच ये. दोनदा म्हणाली.
पाळधीला पहिलं लाँच. उत्तम. खरबूज मागच्या काचेवर आदळलं. पुढे थांबतोय, निघतोय, थांबतोय, निघतोय. एका निंबाखाली सहाव्यांदा थांबलो तर सरबतवाली शेवंताबाई धावत आली. काय बिघडलं, भाऊ? म्हटलं, काही नाही, वेळ वाचवतोय. ती म्हणाली, मग बसा ना निवांत, सरबत घ्या.
घेतलं. त्यानंतरचं लाँच विशेष चांगलं झालं.
एरंडोलपर्यंत इतका वेळ वाचवला की साडेअकरा वाजले.

दुपार
पारोळ्याच्या अलीकडे. ऊन मरणाचं. लाँच होत नाही. स्पोर्ट दाबलं तरी इकोसारखी चालते. पडद्यावर सूचना : बॅटरी तापली आहे. त्याखाली दुसरी : बॅटरी संपत आली आहे. एकाच वेळी दोन्ही कसं होऊ शकतं, कंपनीला विचारणार.
मग पडद्यावर कासव आलं. तीन मोडमध्ये हा नव्हता. चौथा, गुप्त मोड असावा. गाडीचा पूर्ण अभ्यास केलेल्या ग्राहकालाच दिसत असेल. लगेच दाबून पाहिलं. सायकलवाला पुढे गेला. कांद्याचा ट्रॅक्टर पुढे गेला. त्यावर बसलेले मजूर हात करत होते. मीही केला.
कसाबसा पारोळ्याच्या चार्जिंगपर्यंत आलो. लाईट नाही. कधी येईल? तिथला माणूस म्हणाला, गेली तेव्हा सांगून गेली नाही.

तीन वाजता
अक्काचा फोन. कुठे आहेस? म्हटलं, पारोळ्याला, चार्जिंगवर, जवळजवळ आलोच. तिने विचारलं, साडी बदलू का? लाईट आली की निघतो म्हटलं. तिने फोन ठेवला.
आईचाही फोन येऊन गेला. उचलला नाही. सांजोऱ्या दोन खाल्ल्या. गेल्या वर्षी निदान धुळ्यापर्यंत पोहोचलो होतो.

संध्याकाळ
धुळ्याहून एसटी आली. अक्का उतरली. नवी साडी, भरलेली पिशवी. गाडीकडे तिने बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चाल, ऊठ. तुले लेवाले उनी."
मुराळ्याशिवाय येणार नाही म्हणाली होती. शब्दाची पक्की. मुराळी होऊन आली.
स्टँडवर जळगावच्या बसला आखाजीची गर्दी. अक्काने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि मला खिडकीशी बसवलं, मला उलटी होते म्हणून. झाली नाही. बस कुठेही जोरात निघाली नाही. वेळेवर पोहोचली.
दारात आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. आधी अक्कावरून. मग, क्षणभर थांबून, माझ्यावरून.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी
घागर भरली. अक्काने पाणी ओतलं. आई आबांच्या फोटोपुढे बसून खूप बोलली, वर्षभराचं सगळं.
गाडी पारोळ्यालाच. लाईट आल्याचा फोन नाही.
शेजारच्या काकू आल्या. रीतीप्रमाणे विचारलं, यंदा मुराळी कोण गेलं होतं? मी उत्तर देणार होतो. तोवर आई माझ्याकडे बोट दाखवून बोलली, "यंदा रूपा मुराळी. लीलाधरले लई उनी."
काकूंनी मला आपादमस्तक पाहिलं, हातावर सांजोरी ठेवली आणि विचारलं, आता चार दिवस राहशील ना माहेरी?