डब्याला पाडलेलं भोक

अण्णा, या वयात मी पोहायला शिकतेय. तुम्ही हसला असता. नांदेडच्या तलावावर बायकांची वेळ सकाळी दहाची, आणि शिकवणारी पोरगी माझ्या निम्म्या वयाची. पाठीखाली हात धरून म्हणते, "काकू, मान सैल सोडा. पाणी धरतंय तुम्हाला." तीन आठवडे झाले, मान सुटत नव्हती. बाकीच्या बायका गप्पा मारत तरंगायच्या आणि मी काठाचा दांडा धरून उभी. याला कारण तुम्ही, हे सरळच लिहिते.

औशाजवळची आपली विहीर. माझ्या पाठीला तुम्ही तेलाचा रिकामा डबा बांधायचात, झाकणाला डांबर लावून. चार दिवस मी त्या डब्याच्या जिवावर मजेत तरंगते आहे, आभाळ बघते आहे. पाचव्या दिवशी डबा गुडगुडायला लागला, मग जड झाला आणि मला खाली ओढायला लागला. मी हाक मारली तर तुम्ही पायरीवर बसून हसत होता. "हातपाय मार की, बघतीस काय." नाकातोंडात पाणी गेल्यावर तुम्ही उडी टाकलीत. वर आणून डबा दाखवलात, तळाला खिळ्यानं भोक पाडलेलं. "माझ्या बापानं मला असंच शिकिवलं. आधी सांगितलं तर पोर शिकत न्हाई." पुढं आठवडाभर टपरीवर तुम्ही हा किस्सा चहाबरोबर वाटलात. मी परत विहिरीत उतरले नाही. भूकंपात तिचे दगड ढासळले तेव्हा अख्खं गाव रडत होतं, आणि मला आतून बरं वाटलं होतं. लाज वाटते, पण वाटलं होतं.

"घर पडतंय, शिक्षण पडत न्हाई," हे तुमचं तेव्हापासूनचं पालुपद. माझी दहावी झाली तोवर लातुरात गल्लोगल्ली डॉक्टरकीच्या प्रवेशाचे क्लासेस निघाले होते. तुम्ही मला एसटीत बसवलंत. "पंधरा दिवस राहून बघ. न्हाई करमलं तर घिऊन जातो." म्हणून मी गादीसुद्धा नेली नाही, नुसती चादर. पंधराव्या दिवशी पिशवी भरून फाटकाशी बसले. तुम्ही आला नाहीत. शेवटी घरमालकीण म्हणाली, "अगं, तुझ्या वडलांनी खोली दोन वर्षांसाठी घेतलीय की." डॉक्टर तर मी झालेच नाही. तुम्ही गेलात तेव्हा जो तो म्हणत होता, लेकरांसाठी लई केलं माणसानं. केलंत, मान्य. विचारून मात्र एकही गोष्ट केली नाहीत.

आज ती पोरगी म्हणाली, "काकू, आता हात काढते हं. काढू?" मी हो म्हटलं. तिनं काढला आणि मी तरंगले अण्णा, कान पाण्यात, पाय हलके. इतकं सोपं होतं. नुसतं विचारायचं होतं. मला आनंद कमी आणि तुमचा संताप जास्त आला, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले.

आता वहीतच राहू दे हे. तुमच्यावर तोंड सोडायला मी तरी कोण? तुमची नात गेल्या महिन्यापासून लातूरला आहे. सकाळी तिचा फोन आला, "आई, न्यायला कधी येतेस?" खोली दोन वर्षांसाठी घेतली आहे. तिला मी पंधरा दिवस सांगितलेत.