काळ्या रेघेवर दोन बोटं

३ तारीख, सोमवार
अखेर तळमजला! तिसऱ्या मजल्यावरून ह्यांना खाली आणायचं म्हणजे चार जणांच्या हातापाया पडावं लागायचं. आता खुर्ची ढकलली की थेट बागेत. बाग म्हणजे सहा कुंड्या आणि मधोमध नवाकोरा हौद. एखादं दार आडवं टाकावं एवढाच, पण माझ्या छातीएवढा खोल. गवंडी परवाच काम संपवून गेला. मासे बघत बसले तर ह्यांचं मन शांत राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरलाय, ‘अगं’. भूक लागली तरी अगं, नाकावर माशी बसली तरी अगं. चाळीस वर्षांचा संसार ह्यांनी त्याच शब्दावर केला, त्यामुळे आमचं काही अडत नाही.

५ तारीख, बुधवार
शोभेच्या माशांचा दुकानदार येऊन गेला. मी त्याला टाकीवाला म्हणते. मासेवाला म्हटलं तर शेजारीण पिशवी घेऊन यायची. त्याने दमच भरला. काकू, मासे सोडायची घाई करू नका, म्हणाला. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून हौद दोनदा भरून रिकामा करायचा. तिसऱ्या पाण्यात मासे नसतानाच रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो, आणि तो अमोनिया खाणारे जंतू वाढले की मगच पाणी माशांच्या लायकीचं. तपासायला काचेच्या नळ्या, थेंबांच्या बाटल्या आणि रंगांचा तक्ता दिला. पिवळा रंग आला की पाणी चांगलं; जितकं हिरवं तितकं वाईट. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नळ्या धुतल्या. ह्या माझ्या स्वतःच्या. उगाच आनंद झाला.

११ तारीख, मंगळवार
तिसरं पाणी भरलं आणि पाण्याच्या पातळीला आतून काळी रेघ मारली. पंप बसवायला स्वतःच उतरले, तर पाणी रेघेवर दोन बोटं चढलं. बाहेर आले, पुन्हा रेघेवर. बुडालेली वस्तू आपल्याएवढं पाणी बाजूला सारते; नववीच्या पोरांसाठी हा प्रयोग दरवर्षी मांडून ठेवायचे. म्हणजे माझं माप दोन बोटं. ह्यांना सांगितलं तर डाव्या गालाने हसले. पाठीचा मात्र भुगा झालाय. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, त्यात हा हौद. हौसेने ओढवून घेतलेलं दुखणं, तक्रार कुणाकडे करणार?

२३ तारीख, रविवार
नळीतला हिरवा रंग फिका होत चाललाय. हौदातलं पाणी मात्र शेवाळाने हिरवंगार, तळ दिसत नाही. त्याने बिघडत नाही, असं टाकीवाला म्हणतो. नणंदेचा फोन होता. वहिनी, किती मरशील, एखादं माणूस ठेव, म्हणाली. ठेवलं होतं की. दुसऱ्याच्या हातचा घास हे थुंकून टाकतात. ती स्वतः आली होती तेव्हा तिचाही टाकला. मी आजारी पडले तर काय, हा विचार मी करत नाही. दमलेय, एवढं खरं.

२८ तारीख, शुक्रवार
पिवळं! स्वच्छ पिवळं! रविवारी मासे येणार. आता खाद्य बंद करा, असं टाकीवाल्याने सांगितलं. खाद्य बंद असूनही रंग हिरवा आला, तर हौदात काहीतरी मेलंय असं समजायचं, शोधून बाहेर काढायचं. उंदीर, पाखरू, काहीही.

२९ तारीख, शनिवार
पंपात शेवाळ अडकलं होतं. जेवणं झाल्यावर ह्यांची खुर्ची काठाशी लावून उतरले. तळाला पाय घसरला, डोकं मागे कुठेतरी आपटलं, नाकातोंडात पाणी. हे ओरडत होते, अगं, अगं. मग बाहेर आले. पायरीवर पाय कधी ठेवला ते आठवत नाही. पण पाठ दुखत नाहीये. किती वर्षांनी! हलकं हलकं वाटतंय.
पाणी अजून रेघेवर दोन बोटं आहे. नळ उघडा राहिला असणार.

संध्याकाळ
नळ घट्ट बंद आहे.
हे जेवले नाहीत. चमचा ओठाशी धरला तर माझ्याकडे बघेनात. नजर हौदावर. अगं म्हणतात, ते हौदाला. फार लागलं मनाला. एवढं सगळं करून हे असं. खुर्ची आत न्यायला गेले, तिचा ब्रेक काही सुटेना.

३० तारीख, रविवार
टाकीवाला आला नाही. नळी हिरवी. खाद्य तर बंद आहे —
त्याला फोन लावला. हॅलो, कोण, हॅलो, म्हणाला आणि ठेवून दिला. नंतर नणंदेचा आला. वहिनी, बोल ना, दादा कसा आहे, गप्प का आहेस? मी बोलतच होते. घाबरून म्हणाली, मी निघते, उद्या रात्रीपर्यंत पोहोचते.
वाटी भरलेली तशीच आहे. ह्यांचे ओठ सुकलेत. मी भरवते, पण तोंडात काही जात नाही.
केसांतून अजून पाणी ठिबकतंय. कालपासून.

३१ तारीख, सोमवार, सकाळ
नळी गर्द हिरवी. तक्त्यावर एवढा रंगच नाही.
पाणी रेघेवर दोन बोटं. उंदीर कितीही फुगला तरी दोन बोटं —
मला भूक नाही. थकवा नाही.
एकच प्रयोग उरलाय. उतरून बघते.

उतरले. छातीपर्यंत. रेघेवर डोळा ठेवून. पाणी चढलं नाही. केसभरही नाही. खाली पायाशी माझ्या साडीचा काठ —
हे रडताहेत. अगं, अगं. आवाज बसलाय.
नणंद येईल. पण तिच्या हातचं हे थुंकून टाकतात. वाटीतलं गार झालंय, गरम करायला हवं, मऊ करून, डाव्या गालाकडून थोडं थोडं — तिला हे माहीत नाही — मी नाही तर ह्यांना कोण भर—