मिश्रीवर घेतलेला आळ

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ७.१०. परंदवडी. मावशीसाठी भात मऊ शिजवत आहे.

तिच्या जिभेवरचा पांढरा थर मिश्रीमुळे आला, असंच आम्ही धरून चाललो. मीच तिची डबी लपवली. गिळताना दुखतं म्हणून तिने एचआयव्हीच्या गोळ्याही बंद केल्या होत्या, हे आज दवाखान्यात कळलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून तो थर पाहिला. म्हणाले, “ही बुरशी आहे, घशाखालीही उतरली असेल. औषधाने जाईल. दोन्ही गोळ्या आजपासून घ्या.” आधीच का नाही नेलं मी?

“मंग माजी मिश्री उगाच बंद केली व्हय रं?” मावशी मला म्हणाली.

“तेवढं बरंच झालं, मावशी,” डॉक्टर हसले.

आत्ता बुरशीची गोळी गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जरा थांबून एचआयव्हीची बाटली तिने स्वतःच पुढे ओढली.