बाबा, खडी रद्द केली

बाबा, रात्रपाळीहून आलेल्या तुला उठवण्यापेक्षा वाघाच्या शेपटीवर पाय दिलेला परवडला, म्हणून ही चिठ्ठी.

गवंडीकाका सकाळीच आले. म्हणाले, फाटकापासून दारापर्यंत काय घालायचं ते आत्ता सांगा, नाहीतर मी दुसऱ्या कामावर चाललो. तुला हवी खडी, आईला गुळगुळीत फरशी, आणि दादा हॉस्पिटलमधून चाकांच्या खुर्चीतून घरी येणार हे तुमच्या भांडणात कुणी बोलतच नाही!

मग मी त्याची नवी खुर्ची काढली आणि स्वतःच बसले. काकांनी नमुन्याला टाकलेल्या खडीत चाकं अशी रुतली की मला उचलूनच काढावं लागलं. नमुन्याच्या फरश्या मांडून त्यांवर पाणी ओतून पाहिलं, तर मी थेट आईच्या कुंड्यांत! (दोन फुटल्या. तिला तूच सांग ना, प्लीज.) शेवटी शेजारच्यांच्या खरखरीत काँक्रीटवर गेले. कुणी ढकललं नाही, तरी त्यांच्या दारापर्यंत सुसाट! काकांना म्हटलं, हेच घाला, आणि पायरी फोडून उतार करा. काम सुरू झालंय, तू मागच्या दारानं जा. ओरडायचं ते संध्याकाळी ओरड.

दादाला फोन केला. घरी यायचा विषय निघाला की तो हल्ली गप्पच होतो ना? आजही तसाच. मग म्हणाला, "मला आत ढकलत कोण नेणार?"

म्हटलं, "कुणी नाही. तुझं तू ये. आम्ही दारात उभे राहू."

मग विचारतो कसा, "काँक्रीट वाळायला किती दिवस लागतात गं?"

— तुझी मुकादम