एकाच दळणावरचा निकाल

३ फेब्रुवारी, मंगळवार

नेहमीचे कॉफीचे दाणे यापुढे परवडणार नाहीत. दुकानदाराने पुन्हा भाव वाढवला आणि वर म्हणाला, "सर, सवयीला मोल नसतं." वाक्य गुळगुळीत, विधान खोटे. सवयीला मोल असते आणि ते दर महिन्याला मीच चुकते करतो.

जेवताना ही म्हणाली, "अहो, चहा प्या मुकाट्याने. सुटाल." दुर्लक्ष केले. एस्प्रेसो सोडणार नाही. निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी दिलेले यंत्र ओट्यावर आहे, शेजारी दाणे दळायचा ग्राइंडर आहे. हवे आहेत ते फक्त स्वस्त आणि बरे दाणे. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने पाकिटावरच्या विशेषणांना भुलून निवड करू नये. चाचणी घ्यावी, तीही नावे झाकून.

मुलाला फोन केला. चार प्रकारचे स्वस्त दाणे आण, कुठले कोणाचे ते मला कळता कामा नये. तो म्हणाला, "बाबा, कॉफी प्यायचीय की तिची उलटतपासणी घ्यायचीय?"

५ फेब्रुवारी, गुरुवार

नियम ठरले. दाणे सोडून काहीही बदलायचे नाही — पाणी तेच, वजन तेच, दळण तेच, कप तोच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एरवी फरक कशाने पडला हे सांगता येत नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी सुरुवात याच धड्याने करीत असे.

८ फेब्रुवारी, रविवार

चाचणी उत्तम पार पडली.

मुलगा आणि सूनबाई सकाळीच आले. चार पुड्या, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा कागद चिकटवलेला. आमच्या घराची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: मी मांडणी करीत असताना मध्ये कोणी बोलायचे नाही. आक्षेप शेवटी. मुलगा याला 'बाबांचं कोर्ट' म्हणतो.

निळी पुडी पहिली. जड, सरळ, किंचित कडवट, पण भरवशाची. लाल दुसरी. पांढरी सामान्य. पिवळी मात्र नळीतून भसकन उतरली. वर फेस नाही, चव आंबट, अंगात काही नाही. निकाल मी उभ्यानेच दिला — "पिवळी म्हणजे न बोलावता आलेली पाहुणी. घाईघाईने शिरली, आंबट तोंड करून बसली, आणि सांगण्यासारखे तिच्याकडे काहीच नाही." ही हसली. सूनबाईसुद्धा हसली, जरा उशिराने. मुलगा खिडकीबाहेर पाहत होता.

"आक्षेप?" मी विचारले.

सूनबाईची नजर ग्राइंडरवर होती. "नाही, बाबा," म्हणाली आणि कप विसळायला उठली.

पाहुणीचे वाक्य चांगले जमले.

९ फेब्रुवारी, सोमवार

मुलाचा फोन. "बाबा, पिवळी तिची होती."

अर्थ लागायला वेळ लागला. त्यांच्या बाल्कनीत दाणे भाजायचे एक छोटे यंत्र आहे. मी ते पाहिले होते आणि हौस म्हणून सोडून दिले होते. हौस नव्हती; पिवळे दाणे सूनबाईने त्यातच भाजलेले होते. ती कितीतरी दिवस शिकत होती. ऑफिस सोडून हाच व्यवसाय करावा, असे तिच्या मनात होते. मुलगा म्हणाला, "तिनंच सांगितलं, बाबांना कळू न देता देऊ. ते तोंडदेखलं बोलत नाहीत."

"आता काय म्हणते?"

"काही नाही. ऑफिसला गेली."

निकाल मी निःपक्षपातीपणे दिला होता, असे मी म्हणालो. तो म्हणाला, "हो ना. तेच तर." फोन ठेवला.

हिला सांगितले. पोळी लाटता लाटता थांबली. "मीही हसले हो," एवढेच म्हणाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

निकाल न्याय्य असेल, तर त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. वाटते आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाकीचे दाणे संपले. पिवळी पुडी हिने डब्यामागे जपून ठेवली होती, ती आज समोर आणून आपटली. "घ्या. पाहुणीच्या हातचं प्या आता."

पहिला कप पुन्हा भसकन. चिडून — कोणावर, ते लिहायला नको — ग्राइंडरची चकती फिरवली, दळण बरेच बारीक केले. या खेपेस धार सावकाश आली, काकवीसारखी. वर दाट फेस. आंबटपणा होता, पण पिकल्या फळाचा, आणि मागून गोडी. ओट्यापाशी उभ्यानेच कप संपवला. दुसरा केला. तोही तसाच. चारांत ही पहिली. निर्विवाद.

कारण उघड आहे. ग्राइंडर माझ्या जुन्या, काळपट भाजलेल्या दाण्यांना जुळवलेला होता. निळे दाणे त्याच भाजणीचे, त्यांना तो आयताच लागू पडला. पिवळे हलके भाजलेले, त्यांना बारीक दळण लागते. सर्वांना एकच दळण, यालाच मी समान न्याय समजलो. प्रत्यक्षात एकाच्या मापाचा सदरा चौघांना चढवला आणि ज्याला तो झाला नाही त्याच्या अंगाला नावे ठेवली. विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर मी त्याला नापास केले असते आणि वर वर्गासमोर दोन शब्द ऐकवले असते.

सूनबाई त्या रविवारी ग्राइंडरकडे पाहत होती. तिला दिसले होते!

१५ फेब्रुवारी, रविवार

न कळवता त्यांच्याकडे गेलो. मुलगा एकटाच घरी. बाल्कनी मोकळी. भाजायचे यंत्र नाही, फरशीवर त्याच्या पायांचे गंजाचे ठसे तेवढे.

"कुठे गेलं?"

"तिलाच विचारा, बाबा. मला सांगू नको म्हणालीय."

मग निष्कर्ष एकच. विकले.

उतरताना जिन्यात बसावे लागले. शेजारची बाई पाणी घेऊन आली. तिला वाटले, उन्हाने. एका वाक्याच्या हौसेपायी मी एका कर्त्या मुलीच्या उमेदीवर पाणी ओतले. ते वाक्य मी त्या दिवशी इथे वहीतही उतरवून ठेवले आहे, आणि खाली स्वतःलाच शाबासकी दिली आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

क्षमेचा मजकूर लिहायला बसलो. प्रत्येक मसुद्यात 'जरी' येते, मग 'तथापि', आणि शेवटी मीच बरोबर ठरतो. फाडले. ही म्हणाली, "अहो, चुकलो म्हणायला एवढे परिच्छेद लागतात?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईला बोलावून घेतले. पिवळी बारीक दळून तिला कप करून दिला आणि चूक सांगितली — गृहीतक, दळण, सगळे क्रमवार. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मी थांबलो आणि सवयीने तोंडातून निघाले, "आक्षेप?" जीभ चावली.

ती म्हणाली, "दळण चुकतंय हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मध्ये बोलायचं नसतं ना आपल्याकडे. आणि शेवटी बोलले असते तर सगळे म्हणाले असते, हरली म्हणून बोलतेय."

बिनतोड. म्हणालो, भाजायचे यंत्र परत मिळत असेल तर आण, मी काय लागेल ते बघतो. तिने कपातून वर पाहिले, चेहऱ्यावरून काही कळेना. "शनिवारी दोघंही या एका ठिकाणी," म्हणाली. कप मात्र पूर्ण संपवला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

यंत्र विकलेले नाही. बाजारामागच्या गल्लीत तिने एक खोली घेतली आहे, तिथे हलवले आहे. राजीनामा चाचणीच्या आधीच दिला होता. त्या सोमवारी ऑफिसला गेली ती उरलेले दिवस भरायला. मुलालाही तिने नंतरच सांगितले. "मग माझ्या निकालाचे काय?" मी विचारले. म्हणाली, "बाबा, मला तुमचं मत हवं होतं. परवानगी नव्हे."

तिचे आयुष्य माझ्या हातून बिघडले, या लाजेतही मी स्वतःला केवढे मोठे आसन दिले होते. हे तिला सांगावे म्हणून सुरुवात केली — मुद्दा असा आहे की — तर ती मध्येच म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा, दाणे उतरवायचेत."

बाजूला झालो.