तेरा आणि एकतीस

मंगळवार, ६ फेब्रुवारी

शनिवारच्या पानावर मी लिहिलं आहे, "पंचांनी एकतीस दाखवले." ते चूक आहे. त्या वाक्यावर एक रेघ मारली आणि शेजारी सही केली. बाबांनी शिकवलंय तसंच – गिरगटून टाकायचं नाही, खालचं चुकलेलंही वाचता आलं पाहिजे.

बरोबर असं : पंचांनी काय दाखवलं ते मला आठवत नाही.

शेवटची चार मिनिटं होती. त्यांचा उंच खेळाडू बास्केटकडे धावला आणि त्याला अडवायला आमचे दोघे एकदम उडाले, मास्तर आणि भिंगरी. तिघंही खाली. शिट्टी झाली. भिंगरी कोपर धरून पडून राहिला आणि मी त्याच्याकडे बघत बसले. सगळं स्टेडियम त्याच्याकडेच बघत होतं! पण सगळ्या स्टेडियमला स्कोअररच्या टेबलाशी बसवलेलं नाही. मला बसवलंय.

पंच टेबलासमोर येऊन बोटांनी आकडा दाखवतात. आधी दहाचा हात, त्याची पाठ आपल्याकडे. मग एककाचा, तळवा आपल्याकडे. भिंगरी तेरा नंबर, मास्तर एकतीस. बोटं तीच, फरक फक्त आधी कुठली एवढाच. दोघांचेही चार-चार फाउल झाले होते. पाचवा ज्याच्या नावावर, तो बाहेर.

मी बघते, कच्च्या वहीत लिहिते, बाबांच्या कानाशी बोलते, बाबा शीटवर शाईने उतरवतात; शीटची घरं त्यांच्या बोटांना पाठ आहेत. कागदोपत्री मी त्यांची मदतनीस. खरं म्हणजे त्यांचे डोळे. पेन्सिल चालल्याचं आठवतं. बोलल्याचं आठवतं. आकडा आठवत नाही.

शीटवर एकतीस आलं. मास्तर ओरडले, "मी हातसुद्धा लावला नाही!" पंच पुन्हा टेबलाशी आले, त्यांचंही तोंड जरा गोंधळलेलंच होतं. कागद काय म्हणतो, असं विचारलं. बाबा म्हणाले, एकतीस. मास्तरांनी टेबल ढकललं. बाबांचा चष्मा खाली पडला. लोक "आजोबा, घरी जा!" असं मास्तरांवर एका सुरात ओरडायला लागले. भिंगरी आत राहिला आणि चार मिनिटांत अकरा गुण! एका गुणाने जिंकलो.

कच्ची वही सामन्यानंतर बाबा घेतात आणि कपाटात लावतात. काल मागितली तर म्हणाले, सापडत नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

भिंगरी खेळताना डोक्यामागून पट्टी बांधलेला चष्मा लावतो. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात चार दिवसांत अठरा पट्टीवाले चष्मे गेले. त्यातल्या अकरा जणांना नंबरच नव्हता. मालक खूश. गिऱ्हाईक आलं की आधी सामन्याची गोष्ट, मग काच. एका बाईने स्वतःच्या सासऱ्यांसाठी मागितला. ते बिचारे अंथरुणावर आहेत, पण टीव्ही बघताना हवा म्हणे.

हे मी महिन्याभरापूर्वी हसत हसत लिहिलं असतं. पहिल्या सामन्यात त्याने पाठीमागून पास दिला तेव्हा याच वहीत पाच पानं भरली होती. एकोणीस वर्षांचं पोर, पहिलाच मोसम, आणि टेबलाखाली माझे पाय त्याच्या चेंडूबरोबर ताल धरायचे. आज ती पानं वाचायला मन झालं नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मास्तर दुकानात आले. मी काउंटरखालची पेटी उचलल्याचं नाटक केलं, पण त्यांनी बघितलंच होतं.

माणूस छत्तीस वर्षांचा. सकाळी क्लबच्या पोरांना फुकट शिकवतो म्हणून मास्तर. भिंगरीला चेंडूचा टप्पा मारायला त्यांनीच शिकवलं, तो दहा वर्षांचा असताना. पुढच्या मोसमापासून त्यांना क्लबचे प्रशिक्षक करायचं ठरलं होतं. आता टेबलाशी गैरवर्तन म्हणून समिती बसणार आहे, शनिवारी, १७ तारखेला. बंदी आली तर प्रशिक्षकपद गेलं. दुसरं काही त्यांना येत नाही, असं ते स्वतःच म्हणाले, आणि हसले.

टेबल ढकललं ती चूकच, बाबांची माफी मागतो, म्हणाले. मग आवाज उतरला.

"पोरी, तू लहानपणापासून खोटं बोलली नाहीस. पंचांची बोटं तू बघितलीस ना?"

मी म्हणाले, "कागदावर आहे तेच."

ते म्हणाले, बरं. काचा पुसायचं फडकं विकत घेतलं. त्यांना चष्मा नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

सामना. भिंगरीचे चोवीस गुण. पाय हलले नाहीत माझे.

सोमवार, १२ फेब्रुवारी

भिंगरी घरी आला होता! गल्लीत कल्लोळ. जिन्यावर पोरं, गॅलऱ्यांत बायका. आत्याने चांगले कप काढले, जे माझ्या परीक्षेच्या निकालालाही निघाले नव्हते, आणि वर मलाच टोमणा – बघ, अशी नावं काढतात मुलं!

त्याने बाबांना सही केलेला चेंडू दिला. बाबांनी तो मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी चाचपला. सही कुठे आहे ते त्यांना कळलं नाही. चेंडू उलटा धरून "वा, छान अक्षर" म्हणाले.

निघताना मी दारापर्यंत गेले. चपला घालता घालता तो हळूच बोलला.

"ताई, तुम्ही दोघांनी मला वाचवलंत. मी विसरणार नाही."

"दोघांनी?"

त्याने वर बघितलं, लाल झाला आणि धाडधाड जिना उतरून गेला. खाली पोरांनी त्याला उचललं.

त्याला माहीत आहे. ठीक, त्याचा हात होता, त्याला माहीत असणारच. पण *दोघांनी* का? माझ्या चुकीत बाबा कुठून आले?

बुधवार, १४ फेब्रुवारी

कच्ची वही सापडली. बाबांच्या शर्टांच्या खणात, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली. फाडली नव्हती. लिहिलेला कागद फाडणं त्यांना जमतच नाही.

तीन तारीख, चौथा डाव, माझं अक्षर. १३. खाली फाउलची फुली.

मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. बाबांनी आणि आत्याने घरीच शिकवलं. बेरीज जुन्या स्कोअरशीटांवर शिकले मी. पहिला नियम बाबांचा : आधी लिही, मग बोल. म्हणजे बोललेलं बदलता येत नाही. तेव्हापासून मी तसंच करते. म्हणजे तेरा लिहिलं असेल तर तेराच बोलले.

बाबा खिडकीशी बसले होते. वही त्यांच्या हातात दिली. कुठली, ते विचारलं नाही त्यांनी. कोपरा चाचपला आणि ओळखली.

"तू तेराच म्हणालीस," ते म्हणाले. "डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

मग का, असं विचारलं. त्यांनी सांगितलं ते जमेल तसं उतरवते. मैदानावर त्यांना आता माणसं दिसत नाहीत. सगळे खांबासारखे उभे. फक्त तो हलतो ते दिसतं. एवढा एकच खेळाडू त्यांना उरलाय. अठ्ठावीस वर्षं माणसांना बाहेर काढत आलो, म्हणाले, या एकाला काढायला हात झाला नाही. सामन्यानंतर पोराने पायाला हात लावला, तेव्हा त्याला सांगितलंही.

त्याला सांगितलं! मला नाही.

"आठ-दहा दिवस मला वाटत होतं, मी चुकले."

"तू विचारलं नाहीस."

"वही मागितली होती मी."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते लावून दिलं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सगळं लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे. टेबलावरच्या माणसाला दरवर्षी डोळे तपासल्याचा दाखला लागतो. गेली दोन वर्षं आमच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता मी उतरवून आणला आणि बाबांना वाचून दाखवला. त्यांनी पाठ केला. मालकांनी तपासलं, बाबांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटलं. दाखल्यावर शिक्का मीच मारला.

म्हणजे मी समितीकडे गेले तर एक गोष्ट सांगून सुटका नाही. बाबांची खुर्ची जाईल. माझी नोकरी. त्या सामन्याचा निकालही उलटेल कदाचित, मग गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. पट्टीवाले अठरा चष्मे माझ्याकडे बघतील.

आणि नाही गेले तर मास्तर घरी. फडकं घेऊन.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

समितीने बाबांनाही बोलावलंय, साक्षीला. शीट वाचून दाखवायची आहे त्यांना, सगळ्यांसमोर. हात धरून न्यायला मी.

संध्याकाळी बाबांनी शीटची घरची प्रत पुढे केली. "वाचून दाखव. तक्त्यासारखी पाठ करतो."

मी वाचायला लागले. चार नंबर, दोन फाउल. नऊ नंबर, तीन. बाबा डोळे मिटून मागोमाग म्हणत होते.

"तेरा नंबर," मी वाचलं, "पाच फाउल."

ते थांबले.

"एकतीस नंबर, चार."

बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "निळा शर्ट इस्त्री करून ठेव."

केला. कच्ची वही माझ्या पिशवीत आहे, दाखला तिच्यातच ठेवला. समिती उद्या, शनिवार, १७ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा.